देवघरातला झिरोचा बल्ब

नमस्कार श्रोतेहो. विजेचं बिल फुगलं की घरात पहिली बोलणी खातात ती मुलं, दिवे चालू ठेवले म्हणून. आज जरा देवघराकडे बघू. तिथला लाल झिरोचा बल्ब रात्रंदिवस चालू असतो. ‘त्याला कितीशी वीज लागते?’ जुन्या मीटरची चकती एवढ्याशा भाराला जेमतेम हलायची, त्यातून हा समज पक्का झाला असावा. पण तो जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब साधारण 15 वॅटचा असतो.

हिशेब सोपा आहे. हजार वॅट तासभर वापरले की एक युनिट. 15 वॅट, 24 तास, 30 दिवस: जवळजवळ 11 युनिट! हॉलमधली जुनी ट्यूब चोकसकट पन्नासेक वॅट घेते. ती रोज पाच तास लावली तरी साडेसात युनिटच होतात. देवाला अंधारात ठेवा असं नाही हो. अर्ध्या वॅटचा एलईडी मिळतो, त्याला महिन्याला अर्धं युनिटही लागत नाही.

सोसायटीच्या जिन्यातही तेच. संध्याकाळी सातला लागलेल्या ट्यूब वॉचमन उठेपर्यंत चालूच! पायरव नसताना मंद होणारे सेन्सरचे दिवे तिथे खरे कामाचे. पैसे मेंटेनन्समधून जातात, म्हणून कोणाला टोचत नाही, इतकंच.

दुकानदारांना वेगळं सांगायचंय. कापडाच्या दुकानात 50 वॅटचे वीस हॅलोजन म्हणजे तासाला एक युनिट. त्यांची उष्णता दुकानातच साठते आणि ती बाहेर काढायला एसी राबतो. वीज दोनदा खर्ची पडते. त्याच जागी सात वॅटचे एलईडी बसवले तर सगळे मिळून 140 वॅट. साडीचा रंग खरा दिसायला हवा, तर खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, 90 च्या वर आहे ना, तेवढं बघा.

घरासाठी घेतानाही नुसते वॅट पाहू नका, ल्युमेन वाचा. उजेड त्यावर कळतो. साठ वॅटचा जुना बल्ब सातशेच्या आसपास ल्युमेन देतो, नऊ वॅटचा चांगला एलईडी नऊशेच्या. आणि बंद काचेच्या हंडीत तो बसवणार असाल, तर कमी वॅटचाच घ्या. कोंडलेल्या उष्णतेनं आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारं सर्किट, आधी जातो. दुकानाचं बिलही जपून ठेवा. वॉरंटीत दिवा बदलून मिळतो.