पंचावन्नाव्या वर्षी पृथ्वी मोजायला निघालेला माणूस

नमस्कार मंडळी! आज जपानच्या इनो तादाताकाबद्दल बोलायचंय. नाव परत सांगते, लिहून ठेवा, इनो तादाताका. जन्म 1745 चा, म्हणजे तोकुगावा शोगुनांचं राज्य, राजधानी एदो, जिला आपण आज टोकियो म्हणतो. देशाची दारं बाहेरच्यांना बंद, युरोपातले फक्त डच आणि तेही नागासाकीजवळच्या देशिमा नावाच्या छोट्याशा बेटावर. एवढं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

तर हा तादाताका सावारा गावातल्या इनो घराण्यात घरजावई म्हणून आला, वय असेल सतरा-अठरा. सासरचा धंदा साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवण्याचा, तो त्याने असा काही सांभाळला की घर पुन्हा उभं राहिलं. 1783 नंतर मोठा दुष्काळ पडला तेव्हा याने पदरचे तांदूळ गावात वाटले. आणि मग पन्नाशी आली तशी मुलाच्या हातात किल्ल्या दिल्या आणि स्वतः निघाला एदोला, कशाला, तर ज्योतिर्विद्या शिकायला!

गुरू कोण केला? ताकाहाशी योशितोकी. हा शोगुनच्या ज्योतिष खात्यात, म्हणजे तेनमोनकाता म्हणतात तिथे. पंचांग बनवणारं सरकारी ऑफिसच होतं ते, आणि कॅलेंडर सुधारायला योशितोकीला मुद्दाम ओसाकाहून बोलावलेलं. पण वय पहा, गुरू एकतीस वर्षांचा आणि शिष्य पन्नाशीचा. परत सांगते, गुरू शिष्यापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान. आपल्याकडे कोणी आजोबा क्लासला बसले की लगेच "साठी बुद्धी नाठी" म्हणून मोकळे होतात लोक, मला ती म्हण अजिबात आवडत नाही, सरळ सांगते, शिकणाऱ्याचं वय विचारूच नये.

आता मला जी गोष्ट खरी सांगायचीय ती इथून सुरू होते.

त्या काळी तिथल्या ज्योतिष्यांना एक प्रश्न छळत होता, पृथ्वी नेमकी केवढी? गोल आहे हे माहीत होतं, पण उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे जमिनीवर किती अंतर यावर एकमत नव्हतं. अंतर मोजायचं माप री, एक री म्हणजे जवळजवळ 4 किलोमीटर. कोणी म्हणे एक अंश 25 री, कोणी म्हणे 30, कोणी 32. एक अंश कळला की 360 ने गुणायचं, पृथ्वीचा घेर हातात! आणि अंश कसा कळणार, तर ध्रुवताऱ्यावरून, जितकं उत्तरेला जाल तितका तारा वर दिसतो. मुंबईत तो क्षितिजापासून साधारण 19 अंशांवर, नागपुरात 21 वर. (शाळेत भूमिती चार भिंतींत फळ्यावर शिकवतात त्यापेक्षा मुलांना एक रात्र गच्चीवर न्या हो, चाळीस मिनिटांत जन्मभराचं समजेल, हे मी दर वेळी सांगते आणि सांगत राहणार.)

तर तादाताकाने काय केलं, एदोत त्याचं घर फुकागावाला आणि गुरूची वेधशाळा आसाकुसाला, हे अंतर त्याने पावलं मोजत काढलं, दोन्हीकडून ताऱ्यांची उंची घेतली आणि गणित मांडून गुरूपुढे ठेवलं. गुरू म्हणाला, हे अंतर फारच थोडं, एवढ्याशा तुकड्यावरून पृथ्वी मोजली तर चूक कितीतरी पट वाढणार, त्यासाठी निदान एझोपर्यंत जायला हवं. एझो म्हणजे आजचं होक्काइदो, पार उत्तरेचं टोक.

पण जाणार कसं? परवानगीशिवाय असं मोजमाप करत फिरणं शक्य नाही. मग योशितोकीने डोकं लढवलं. 1792 मध्ये रशियन जहाज एझोला येऊन गेलं होतं, सरकारला धास्ती होती आणि तिकडचा धड नकाशा नव्हता. अर्ज केला, नकाशा करून देतो! म्हणजे बघा, सरकारला हवा नकाशा, या दोघांना हवा एक अंश. परवानगी मिळाली, पैसे मात्र सरकारने थोडेच दिले, बहुतेक खर्च तादाताकाने पदरचा केला.

1800 साल, वय 55, सोबत शिष्य आणि गडी मिळून पाचजण. दिवसभर एकसारखी पावलं टाकत मोजत चालायचं, एक पाऊल साधारण 69 सेंटिमीटर, आणि रात्री आभाळ मोकळं असलं की मुक्कामी मोठं कोनमापक यंत्र उभं करून तारे बघायचे. पाय थकलेले, थंडी, तरी तारे बघायचेच! पुढच्या मोहिमांत दोऱ्या, लोखंडी साखळ्या आल्या, माप पक्कं होत गेलं आणि उत्तर आलं 28.2 री. म्हणजे 110 किलोमीटरच्या थोडं वर.

आणि गुरूला ते पटेना! शिष्य नाराज झाला, एवढं चालून आणलेला आकडा. मग 1803 मध्ये योशितोकीच्या हाती लालांद या फ्रेंच ज्योतिष्याचा ग्रंथ आला, डच भाषेतला, दिवसरात्र बसून त्याने तो लावला, आणि त्यातल्या मापाशी शिष्याचा आकडा जुळला. दोघांना काय आनंद झाला असेल! आज आपण 111 किलोमीटर धरतो, फरक एक टक्क्याच्याही आतला. पण त्या अभ्यासाने गुरू खंगला, आधीच क्षयाचं दुखणं, 1804 च्या सुरुवातीला तो गेला, चाळिशीही पुरी झाली नव्हती.

बाकीचं पटकन सांगते. तादाताका पुढे 1816 पर्यंत मोजत राहिला, एकूण दहा मोहिमा. 1818 मध्ये तो गेला, पण नकाशा पुरा होईपर्यंत मृत्यू जाहीर केला नाही. 1821 मध्ये नकाशा सादर झाला, मोठ्या नकाशाचे 214 भाग. मग गुरूचा मुलगा कागेयासू, त्याने नकाशाची प्रत देशिमावरच्या डचांच्या झीबोल्ड नावाच्या डॉक्टरला दिली, पुस्तकांच्या बदल्यात. 1828 मध्ये उघडकीस आलं, कागेयासू तुरुंगात मेला आणि निकाल लागेपर्यंत त्याचं प्रेत मिठात घालून ठेवलं. ज्ञानाची देवाणघेवाण गुन्हा ठरवणारं सरकार, मला याचा आजही राग येतो.

आणि 1861 मध्ये इंग्रजांचं जहाज किनारा मोजायला आलं तेव्हा त्यांना हाच नकाशा दाखवला, तो इतका बरोबर निघाला की त्यांनी आपला सर्व्हे आवरता घेतला. मूळ नकाशा 1873 च्या आगीत गेला, घराण्याकडची प्रत 1923 च्या भूकंपात. मग 2001 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीत 214 पैकी 207 भागांच्या प्रती सापडल्या!

टोकियोकडे आपली मराठी मंडळी बरीच आहेत, कोणाकडे जाणं झालंच तर सावारा नारिता विमानतळापासून लांब नाही, तादाताकाचं जुनं घर अजून आहे, आणि म्युझियममध्ये त्याची यंत्रं ठेवलीत, ती आधी बघा. नमस्कार!