माशीचा डोळा, 40 मायक्रॉनचं पाऊल

नमस्कार. स्क्रीनवर घरमाशीचं डोकं आहे. मिशांच्या टोकापासून मागच्या राठ केसांपर्यंत सगळं धारदार दिसतंय, कारण इथे 50 फोटो एकात एक बसवलेत, प्रत्येकाचा फोकस थोडा पुढे सरकवलेला. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात.

अपर्चर बारीक करून हे जमत नाही. 5 पट मोठेपणावर एफ 11 लावलंत की प्रत्यक्षात ते एफ 66 होतं, आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, सगळा फोटो पुसट होतो. म्हणून एकेक पातळ थर टिपायचा.

लेन्सच्या जागी मायक्रोस्कोपचं 4 एक्स ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे 4 पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, न्यूमेरिकल अपर्चर (ते किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचा आकडा) 0.10 वालं. त्यावर 160 कोरलेलं असेल तर ते एक्स्टेन्शन ट्यूबवर, म्हणजे कॅमेऱ्यापुढच्या पोकळ नळीवर, थेट बसवता येतं. ऑब्जेक्टिव्हच्या खांद्यापासून (जिथे ते नळीला टेकतं) सेन्सरपर्यंत 150 मिलिमीटर अंतर ठेवा. आडव्या आठासारखं इन्फिनिटीचं चिन्ह असेल तर मध्ये ट्यूब लेन्स, म्हणजे प्रतिमा सेन्सरवर जुळवणारी लेन्स लागेल.

आता पाऊल केवढं टाकायचं, म्हणजे दोन फोटोंमध्ये फोकस किती सरकवायचा? प्रकाशाची तरंगलांबी 0.55 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तिला न्यूमेरिकल अपर्चरच्या वर्गाने, म्हणजे 0.01 ने भागा. 55 मायक्रॉन. एका फोटोत तेवढाच थर धारदार येतो. शेजारचे थर एकमेकांवर चढायला हवेत, म्हणून पाऊल 40 मायक्रॉनचं. दीड मिलिमीटर खोलीला 38 फोटो, आणि पुढेमागे पाच-सहा जास्तीचे. 10 एक्स, 0.25 वर हाच थर 9 मायक्रॉनच्याही आत येतो. तिथे पाऊल 6 चं.

महागडी मोटर रेल नसली तरी चालेल. जुन्या मायक्रोस्कोपच्या स्टँडचा बारीक फोकसचा नॉब बघा: बऱ्याच स्टँडवर एक रेघ म्हणजे 2 मायक्रॉन. 40 साठी 20 रेघा. नॉब मात्र एकाच दिशेने फिरवा. उलटा फिरवलात की दात्यांमधली ढिलाई मध्ये येते आणि पाऊल चुकतं.

खिडकीत वाळून पडलेली माशी घेऊ नका, तिचे डोळे आत बसलेले असतात. ताजी हवी. फ्रीझरमधून काढलीत तर डबी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर डोळ्यावर दव जमतं. टाचणीच्या टोकावर फेविकॉलचा ठिपका लावून चिकटवा आणि अर्धा तास थांबा. गोंद सुकताना माशी किंचित कलते. तेवढ्यात फोटो सुरू केलेत तर प्रत्येक केस दुहेरी येतो.

माशीभोवती बटर पेपरची नळी करा आणि दोन्ही बाजूंनी फ्लॅश द्या, 1/32 पॉवरवर. इतका छोटा लखलखाट असला की कंप दिसत नाही. नळी नसेल तर डोळ्यावर पांढरे चट्टे पडतात, आणि ते नंतर काही केल्या जात नाहीत. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स मॅन्युअल, शटर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनवर.

फोटो एकत्र करणाऱ्या झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये पीमॅक्स आणि डीमॅप या दोन्ही पद्धती चालवा. पीमॅक्स एकमेकांवरून गेलेले केस नीट सोडवतं, पण नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, वाढवतं. डीमॅप डोळ्याचा रंग जपतं, पण केसांच्या कडेला धुरकट वलय सोडतं. डीमॅपचा फोटो पाया धरा आणि केस पीमॅक्समधून रिटच ब्रशने आणा.

मग 100 टक्क्यांवर बघा. डोळ्यावर पुसट पट्टा आला असेल तर तिथे पाऊल चुकलंय, स्टॅक पुन्हा घ्यावा लागेल. बारीक रेघांची शेपटी दिसली तर ती सेन्सरवरची धूळ आहे: प्रत्येक फोटो जुळवताना थोडा लहानमोठा होतो, म्हणून एकच कण रेघ होऊन उमटतो. सेन्सर आधी साफ करा, मगच पुढची माशी लावा.