गुडघ्याची धाव

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'फाटलेल्या मेनिस्कसचे टाके आणि त्यांचं यंत्रशास्त्र'. त्यातलं 'टाके' वाचून एका बाईंनी मला ब्लाऊजचा दर विचारायला फोन केला होता, ते असो. मेनिस्कस म्हणजे गुडघ्यात हाडांच्या मधे बसलेली कूर्चेची चकती, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. टाक्यांवर येतेच. पण आधी एका शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. शब्द आहे 'गादी'.

पेशंट आत येतो तो म्हणतच येतो, 'डॉक्टर, गादी फाटली.' आम्ही डॉक्टरही तेच बोलतो, समजवायला सोपं. पण गादी म्हटलं की माणूस कापसाचा हिशोब करतो. कोपऱ्यातला थोडा कापूस गेला तर काय बिघडलं? झोपता येतंच की! माझ्या गुडघ्याचं वाटोळं याच हिशोबानं झालं.

मी खो-खो खेळायचे. १९८६ साल, अकरावीत. खांबाला हात घालून वळताना पाऊल जमिनीत रुतलं, अंग वळलं, गुडघा मधेच राहिला. बारीक 'कट्' आवाज. दुसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा आणि सरळच होईना. आजीनं लेप लावला, एका काकांनी ओढून बघितलं. (काका आज सभागृहात नाहीत, म्हणून सांगते.) शेवटी शहरात नेलं. तिथल्या सर्जननी गुडघा उघडला, चकती अख्खी काढली आणि बाटलीत घालून वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी ती दहा वर्षं कपाटात ठेवली, लोणच्याच्या बरणीशेजारी. पाहुणे आले की आई लोणचं काढायची आणि बाबा बाटली.

सहा महिन्यांत मी पळायला लागले, सगळे खूश. चाळिशीत एक्स-रे काढला तेव्हा आतल्या बाजूची हाडं एकमेकांना टेकलेली.

त्या सर्जनवर माझा राग नाही, तेव्हा सर्रास तसंच करत. राग याचा, की हे कळायला मार्ग होता. टॉमस अ‍ॅनंडेल यांनी एडिंबरामध्ये १८८३ सालीच एका खाणकामगाराची सुटलेली चकती टाके घालून जागेवर बसवली होती. १८९७ साली सटन या इंग्रज शरीररचनातज्ज्ञानं लिहून टाकलं, हे तर पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष! जगानं सटनचं ऐकलं. १९४८ साली फेअरबँक यांनी चकती काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे मांडले, सांध्यातली जागा कमी झालेली, हाडाला कड आलेली. माझ्या जन्माला अजून वीसेक वर्षं होती हो!

तर गादी नाही, मग काय? आमच्या गावात लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचा. गोवऱ्यांच्या आरात लोखंडी पट्टी लाल करायची, चाकावर बसवायची, पाणी ओतलं की ती चर्रकन आकसून लाकूड आवळते. मेनिस्कस ही आपली धाव. मांडीच्या हाडाचं गोल टोक वरून दाबतं, पाचरीसारखी चकती बाहेर निसटायला बघते. पण तिच्यातले तंतू पुढच्या मुळापासून मागच्या मुळापर्यंत (मूळ म्हणजे चकतीचं टोक हाडाला जिथं जोडलेलं असतं ती जागा) कडेकडेनं गोल गेलेले असतात, ते ताणले जातात आणि तिला धरून ठेवतात. वरचा दाब असा आडव्या ताणात बदलतो. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा निम्मा भार या चकत्या घेतात, काटकोनात वाकवला की ८५ टक्क्यांच्या आसपास. चकती अख्खी काढली की हाडावरचा कमाल दाब दुपटीच्या वर जातो.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, टाके.

तंतू कडेनं गोल जातात हे लक्षात ठेवा. दोरा त्यांना समांतर राहिला तर ताण येताच त्यांच्यामधून सुटून येतो. गवताच्या पेंढीत दोरी काड्यांच्या दिशेनं खुपसून पेंढी बांधली जाईल का? दोरा तंतूंना काटकोनात गेला तर अख्खा जुडगा कवेत येतो. म्हणून उभा टाका भारी. त्याचं नाव व्हर्टिकल मॅट्रेस. हो, मॅट्रेस! गादीनं तिथंही माझा पिच्छा सोडला नाही.

दुसरं, चीर कुठल्या दिशेची. कडेला समांतर लांबट चीर असेल तर पाय सरळ ठेवून वजन दिल्यावर तिचे काठ एकमेकांवर दाबले जातात, म्हणून पट्टा लावून चालायला बऱ्याचदा परवानगी मिळते. तंतूंना आडवी कापत गेलेली चीर किंवा मूळच उपटलेलं, म्हणजे धावेचा जोडच तुटला. वजन दिलं की फट वाढणार. तिथं साधारण सहा आठवडे पाय टेकायचा नाही. २००८ साली मृतदेहांच्या गुडघ्यांवर मोजून पाहिलं, आतल्या चकतीचं मागचं मूळ तुटणं म्हणजे ती चकती अख्खी काढल्यासारखंच. मूळ परत बांधलं की दाब पूर्ववत.

रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या पाव भागाला. आतल्या काठाला टाका धरतो, पण जखम भरायला रक्तच नाही, त्यामुळे प्रत्येक चीर शिवण्याजोगी नसते. आणि गुडघा पूर्ण दुमडला की चकत्या मागे सरकून चिमटतात, म्हणून टाक्यांनंतर चारेक महिने मांडी नाही, उकिडवं बसणं नाही. यावर एक अख्खं व्याख्यान होतं, राहू दे.

अध्यक्ष उभेच राहिलेत. सतरंजीवरच्या मंडळींनी उठताना शेजाऱ्याचा हात धरा, मागचं मूळ बऱ्याचदा अशा उठण्यातच जातं. बाटलीचं काय झालं म्हणून पुढच्या रांगेतून विचारताहेत. आईनं एका दिवाळीत बाबांना न विचारता टाकून दिली.