बावन्न पत्त्यांचा माग

आधी हातातलं दाखवते. हा पत्त्यांचा कॅट, याच्यावर मी अरुंद पट्ट्या विणते. पानं चौरस कापलीत, चारही कोपऱ्यांना पंचिंग मशीननं भोकं पाडलीत. माझा माग तो एवढाच. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं माझ्या कमरेला. आमच्या सासूबाई पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "नाडीच विणायची तर बाजारात मिळत नाही का गं?"

प्रत्येक पानातून चार धागे ओवायचे. सगळी पानं एकदम पाव फेरा फिरवली की वरचा एक धागा खाली जातो, खालचा एक वर येतो. मधल्या फटीतून आडवा धागा घालायचा, दाबून बसवायचा, पुन्हा पाव फेरा. एका पानाचे चार धागे पिळत जाऊन दोरी होते आणि आडवा धागा या दोऱ्या शेजारी शेजारी धरून ठेवतो. म्हणून पट्टी अरुंद, पण चिवट. एकच त्रास. पुढे जेवढा पीळ बसतो तेवढाच उलटा पीळ पानांच्या मागे साठतो. मग पानं उलटी फिरवून तो सोडवायचा, आणि तिथून नक्षीही आरशातल्यासारखी उलटते.

हे वेड लागलं ते ओसेबर्गच्या जहाजामुळे. नॉर्वेत टॉन्सबर्गजवळ १९०४ साली मातीच्या टेकाडाखालून व्हायकिंगांचं अख्खं जहाज खणून काढलं, त्यात दोन बायकांचे अवशेष. लाकडाच्या वलयांवरून दफन ८३४ सालचं ठरलं. आणि त्या सामानात अशाच भोकं पाडलेल्या लाकडी पाट्या, ५२, धागे ओवलेले, पट्टी अर्धवट. ५२! वाचता वाचता उठले आणि पत्ते ठेवलेला खण उघडला.

अशा सापडलेल्या जुन्या पट्टीची नक्कल विणायची म्हणजे खरं काम उरलेल्या धाग्यांपेक्षा नसलेल्या धाग्यांशी. लोकर आणि रेशीम प्राण्यांचे, ते आम्ल मातीत तग धरतात. जवसाच्या झाडाचं लिनन सडून जातं. त्यामुळे कुठे कुठे दोरीची ओळच नाही, नुसती फट. तिथे लिनन असणार असं धरून मी कोरं लिनन भरते. कोणी विचारलं तर सांगते, वीण त्यांची, रंगाचा अंदाज माझा.

स्वीडनमधल्या बिर्का या व्हायकिंगांच्या गावच्या कबरींत रेशमी पट्ट्यांवर चांदीची नक्षी मिळाली. कापडांच्या अभ्यासक आग्नेस गाइयेर यांनी १९३८ मध्ये या कापडांवर ग्रंथच काढला. मी म्हटलं, चांदीच ना, आपली जर आहे की घरात! विणली, चमकलीही झकास. पण जर म्हणजे दोऱ्यावर गुंडाळलेली चपटी तार. बिर्काची चांदी ओढून काढलेली, आतून भरीव. ती वाकवली तशी राहते, जर मऊ पडते. दुरून फरक कळणार नाही, पण मला तो रोज दिसतो.

माझ्या पहिल्या पट्टीत १६ पानं होती, पैकी दोन उलट्या बाजूनं ओवलेली. इथे बघा, सगळ्या तिरक्या रेघा उजवीकडे झुकतात आणि या दोनच डावीकडे. वीतभर विणून झाल्यावर लक्षात आलं. उसवली नाही. जुन्या पट्ट्यांतही अशा चुका सापडतात, त्यांनीही उसवलं नव्हतं.

बावन्नची पट्टी आता कुठे चार बोटं झालीय. २०८ धागे, आणि एक तुटला की अर्धा दिवस गेला. ती या टेबलावर ताणून ठेवलीय. चहाचे हात पुसून या आणि एक पाव फेरा फिरवून बघा. फक्त सगळी पानं एकत्र धरा.