लिथियम बॅटरी घेताय? मागचा बारीक आकडा वाचा

नमस्कार मंडळी. गेले पंधरा दिवस कमेंटमध्ये एकच विषय चाललाय: ‘दादा, बुलेटला लिथियम बॅटरी टाकू का?’ फोंड्यातून, डिचोलीतून, पेडण्यातून. टाका की! जुनी लेड-ॲसिड चार-साडेचार किलोची, ही जेमतेम किलोभर. आणि सेल्फ मारल्यावर इंजिन कसं खाडकन फिरतं, ते एकदा ऐकाच.

बाकीचं पटापट सांगतो. खोक्यात बसेल असा आकार, प्लस-मायनस जुन्या बॅटरीच्याच बाजूंना, उरलेल्या जागेत फोम. आतलं रसायन लिथियम आयर्न फॉस्फेटच हवं. त्याचे ४ सेल मिळून १२.८ व्होल्ट होतात आणि गाडीचं १४.४ व्होल्टचं चार्जिंग त्यांना मानवतं. लॅपटॉपचे ३ सेल जोडून कुणी स्वस्तात पॅक बनवून देत असेल तर अजिबात घेऊ नका. त्यांची मर्यादा १२.६ व्होल्ट. गाडी रोज त्याच्या वर चार्ज करणार, आणि ती बॅटरी तुमच्या मांडीशेजारी असते.

आता मुद्दा. बॅटरीवर मोठ्या अक्षरात ‘१४ एएच’ (अँपिअर-अवर, म्हणजे साठ्याचं माप) छापतात आणि शेजारी बारीक अक्षरात ‘समतुल्य’. म्हणजे काय, तर सेल्फ मारताना ही १४ एएचच्या लेड-ॲसिडइतका करंट देऊ शकते. आत साठा तेवढा नसतो! खरा साठा मागच्या बाजूला वॅट-अवरमध्ये लिहिलेला असतो. ही माझ्या हातातली बघा, कॅमेऱ्याजवळ धरतो. ४८ वॅट-अवर. त्याला १२.८ ने भागा. पावणेचार एएच.

टाकी लहान, नळ मोठा. एवढं डोक्यात ठेवा.

एका भावाने लिहिलंय, ‘मग ही फसवणूकच झाली.’ तसं नाही. सेल्फला १०० अँपिअर लागले आणि ३ सेकंद लागले असं धरा. साठ्यातून गेले किती? ०.०८ एएच. त्यामुळे दिवसभर बंद-चालू करणाऱ्या आपल्या गोव्यातल्या पायलट मंडळींना, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांना, ही बॅटरी छान चालेल, कारण गाडी धावली की ती परत भरते. माझा राग आहे तो ‘समतुल्य’ शब्द बारीक छापण्यावर. गिऱ्हाईक १४ बघतं, पैसे देतं आणि घरी जातं.

दुसरीकडून बघा. चोडणच्या फेरीबोटीसाठी रांगेत उभे आहात, इंजिन बंद, किल्ली ऑन, ५५ वॅटचा हेडलाइट चालू. ४८ वॅट-अवरची बॅटरी तासभरही टिकणार नाही. जुनी १४ एएचची तीन तासांच्या आसपास ओढायची. सवय तीच ठेवलीत तर रॅम्पवर ढकलत न्यावी लागेल.

आणि तिसरं, जे आपल्याकडे खरं नडतं: पाऊस. साखळीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने जूनमध्ये गाडी पत्र्याखाली लावली, वर ताडपत्री टाकली आणि थेट चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला काढली. गाडीला अलार्म होता. अलार्म ५ मिलीअँपिअर खातो असं धरा, दिवसाला ०.१२ एएच. पावणेचार एएच महिन्याभरात संपतात. त्याने मीटर लावला तेव्हा ४ व्होल्ट दिसले. गॅरेजवाल्याने तिला लेड-ॲसिडच्या चार्जरवर रात्रभर ठेवलं. त्या चार्जरमध्ये सल्फेट काढायचा मोड होता, तो जास्त व्होल्टचे झटके देतो. सकाळी बॅटरी दोन्ही अंगांनी फुगलेली. मी हात लावून बघितली, गरम होती. तशीच उचलून अंगणात, भिंतीपासून लांब नेऊन ठेवली. इतकी खाली गेलेली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, कृपा करून लक्षात ठेवा. आणि चार्जर लिथियमचाच घ्या.

दुकानात जायच्या आधी घरी दोन मापं घ्या. इंजिन चालू करून ४-५ हजार आरपीएमवर बॅटरीच्या टोकांना मीटर लावा. १४.४ च्या आसपास असेल तर उत्तम, १४.८ च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर-रेक्टिफायर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) बदला. मग किल्ली बंद करून मायनसची वायर सोडा, वायर आणि टोक यांच्यामध्ये मिलीअँपिअरवर मीटर जोडा. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. जो आकडा येईल त्यावरून तुमची गाडी किती दिवस उभी राहू शकते ते कळेल.

हो, ‘१२.८ दाखवतेय, म्हणजे फुल ना?’ असं बऱ्याच जणांनी विचारलंय. लेड-ॲसिड असेल तर फुल. लिथियम १२.८ ला जवळजवळ रिकामी होत आलेली असते. भरलेली असेल तर उभ्या गाडीत १३.३ तरी दिसायला हवेत.

तुमच्या बॅटरीवर किती वॅट-अवर लिहिलेत ते खाली लिहा, गाडीचं नाव पण लिहा. मी हिशेब करून उत्तर देतो. मावसभावाने नवीन घेतलीय, ७७ वॅट-अवरची. आता पाऊस लागला की तो मायनस काढून टेप लावतो आणि पाना तिथेच पत्र्याच्या खिळ्याला अडकवून ठेवतो.