खाचेत मोकळे ठेवलेले पॅनेल

फळीची ही टोकाकडची, करवतीने कापलेली बाजू नीट पाहावी. वाढीची वलये इथे कमानीसारखी दिसतात आणि दार पुढे कसे वागणार, हे या कमानींवरूनच कळते. हवा दमट झाली की लाकडाच्या पेशींच्या भिंती ओलावा धरून फुगतात, कोरडी झाली की आकसतात. हा बदल वलयांच्या रोखाने सर्वाधिक, गाभ्याकडून सालीकडे साधारण त्याच्या निम्मा, आणि लांबीत जवळजवळ नसतोच. म्हणून 2 मीटर उंचीचे दार उंचीला 1 मिलीमीटरही हलत नाही. पण 900 मिलीमीटर रुंदीचे तेच दार साध्या चिराईच्या, म्हणजे रुंदी वलयांच्या रोखाने येईल अशा कापलेल्या, सागवानी फळ्या नुसत्या जोडून केलेले असेल आणि लाकडातल्या ओलाव्यात 5 टक्क्यांचा फरक पडला, तर त्याची रुंदी सुमारे 8 मिलीमीटरने बदलते. साग तर कमी हलणाऱ्या लाकडांत गणला जातो.

यावरचा सुतारांचा उपाय आता आकार घेताना दिसतो. दोन उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि मध्ये, पट्ट्यांच्या आतल्या कडांना पाडलेल्या खाचेत मोकळी बसणारी फळी, म्हणजे पॅनेल. आडव्या पट्टीची लांबी दाराच्या रुंदीत जात असल्यामुळे हलायला उरतात फक्त उभ्या पट्ट्या. त्या प्रत्येकी 110 मिलीमीटरच्या असल्या, तर 8 मिलीमीटरचा फरक 2 मिलीमीटरवर येतो.

पटाशीने उभ्या पट्टीतले भोक साफ होते, कुसू, म्हणजे आडव्या पट्टीचे कोरून काढलेले टोक, त्यात हाताच्या दाबाने बसते, आणि सरस लागतो तो एवढ्याच सांध्यांना. पॅनेलच्या कडा रंध्याने उतरत्या केल्या आहेत. खाच 12 मिलीमीटर खोल आहे, पण पॅनेल तिच्यात 9 मिलीमीटरच शिरते. दोन्ही बाजूंना उरलेली ही जागा 300 मिलीमीटरच्या पॅनेलला दमट दिवसांत फुगायला पुरते. खाचेत सरसाचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. पॅनेल मधोमध राहावे म्हणून वर आणि खाली, अगदी मध्यावर, एकेक बारीक खुंटी पुरते.

पॉलिशचा हा हात सांगाडा जोडण्यापूर्वीच, पॅनेलच्या कडेपर्यंत फिरतो, कारण पुढे पॅनेल आकसले की खाचेत लपलेली कड बाहेर येते आणि ती कोरी असेल तर पांढुरकी रेघ उमटते. घाईच्या कामात हीच पायरी पहिली गळते. ती गळू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

पॅनेल सरसाने जखडले, तर ते चिरते किंवा सांधे उघडतात.

दार टांगण्यापूर्वी वरची आणि खालची कडही पॉलिशने बंद होते, कारण उभ्या पट्ट्यांच्या टोकांतून ओलावा सर्वात वेगाने आत शिरतो. चौकटीशी ठेवायची फट मात्र दार कोणत्या ऋतूत बनले, हे पाहूनच ठरते: कोरड्या दिवसांत बनलेल्या दाराला ती अधिक लागते, तर दमट दिवसांत लाकूड आधीच फुगलेले असल्याने कमी पुरते.