पेजेतलं मीठ

[दृश्य : मालवणजवळचा किनारा, सकाळ. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली आहे. ओले दोर वाळूत गुंडाळलेले.]

दोर ओढून ओढून खांदे भरून आलेत. अंगावरचा घाम सुकून पांढरा खार उमटलाय. घरी उकड्या तांदळाची पेज निवत ठेवलेली आहे. वाढताना तिच्यात चिमूटभर मीठ पडतं. या चिमटीकडे नीट बघा.

[दृश्य : चुलीवर रटरटणारी पेज.]

तांदूळ म्हणजे मुख्यतः स्टार्च. ग्लुकोजचे कण एकापुढे एक जोडलेल्या लांबच लांब साखळ्या. कच्च्या दाण्यात त्या घट्ट बसलेल्या असतात. शिजताना पाणी आत शिरतं, दाणा फुगून फुटतो, साखळ्या सैल होतात. पचनाची तयारी चुलीवरच सुरू झाली म्हणायची.

भाताचा घास मिनिटभर चावून बघा, गोडसर लागू लागतो. लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) साखळ्या तोडायला लागलेलं असतं. पेज मात्र भुरके मारत पितात, त्यामुळे लाळेला फारसा वेळ मिळत नाही, आणि पुढे जठरातल्या आम्लात ते विकर थंडावतं. मोठं काम होतं लहान आतड्यात. तिथे स्वादुपिंडाचा रस येऊन आम्ल शमवतो आणि त्यातलं अमायलेज साखळ्यांचे बारीक तुकडे करतं. उरलेले जोड आतड्याच्या अस्तरावरची विकरं सोडवतात. चहातल्या साखरेसाठी सुक्रेज, दुधातल्या साखरेसाठी लॅक्टेज. अस्तरापलीकडे जाते ती सुटी झालेली साखरच.

[दृश्य : आतड्याच्या अस्तराचं अॅनिमेशन.]

इथे ती चिमूट कामाला येते. ग्लुकोजला आत घेणारं एक प्रथिन या अस्तरात असतं. मिठातल्या सोडियमचे दोन कण सोबत असले, तरच ते ग्लुकोजच्या एका कणाला आत घेतं. मीठ आणि साखर जोडीने आत गेली की पाणी त्यांच्या मागून जातं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० साली प्रागमध्ये मांडली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेश युद्धातून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि असंख्य जीव वाचवले. आपल्याकडची जलसंजीवनीची पुडी तीच. जुलाब झाले तर पुडीच हवी, तिचं माप ठरलेलं असतं. पण घाम गाळून आलेल्या माणसाला पेजेने तरतरी का येते, ते याच दारात कळतं.

[दृश्य : उकडलेल्या फणसाच्या आठळ्या.]

सगळंच काही आत जात नाही. आठळ्यांमधला काही स्टार्च न पचता मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू त्याच्यावर ताव मारतात, आणि आपलं पोट गुबारतं.

[दृश्य : काळोखी पहाट, समुद्राचा आवाज.]

रक्तात गेलेलं ग्लुकोज लगेच लागलं नाही, तर यकृत आणि स्नायू ते ग्लायकोजेन करून, म्हणजे पुन्हा साखळ्यांत जोडून, साठवून ठेवतात. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत त्याहून बरंच जास्त. उद्या पहाटे पोटात काही जायच्या आधीच हाक येईल, दोर हातात येईल. तेव्हा आज रात्रीचा भात खांद्यांत असेल.